कोनशिलेची मागची बाजू

कागदावर चुकलं तर खोडता येतं, ही सोय लिहिणाऱ्यांना केवढी मोठी आहे याची त्यांना कल्पना नसते. मी जन्मभर दगडावर अक्षरं आखली. तिथे चुकीच्या जागी छिन्नी पडली की अक्षर पुसायचा मार्ग एकच: सगळ्या दगडाचा चेहरा घासघासून त्या अक्षराच्या तळापर्यंत खाली आणायचा. एका वेलांटीसाठी अख्खी शिळा उतरवलेली मी पाहिली आहे. त्यामुळे थोडक्यात लिहायची सवय लागली. या अंकाच्या संपादकांना पानं कमी पडली, तर तो दोष धंद्याचा समजावा.

मी मूळचा नगर जिल्ह्यातला. चित्रकलेच्या परीक्षा देऊन जयपूरच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर व्हायला गेलो, तर मी पोचेपर्यंत ती जागा भरली होती. सन पन्नासच्या पुढच्या एकदोन वर्षांतली ही गोष्ट. चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात, चांदपोल वेशीच्या आतल्या एका गल्लीत मूर्तिकारांचे कारखाने होते. गल्लीभर पांढरी धूळ, आणि त्या धुळीत अजून डोळे न उघडलेले देव ओळीने उभे. त्यातच गुलाबचंदजींचं दुकान होतं. त्यांच्याकडे देव घडत नसत, अक्षरं घडत. हिंदी आणि इंग्रजी दोन्ही अक्षरं सरळ आखणारा माणूस त्यांना हवाच होता. माझं आडनाव भिंगारदिवे. ते त्यांना पहिल्या दिवशी झेपलं नाही, म्हणून मी भिंगारजी झालो आणि शेवटपर्यंत तोच राहिलो.

काम सांगायला सोपं आहे. मकराण्याच्या संगमरवराची शिळा घोटून आरशासारखी करायची. तिच्यावर मी गेरूने अक्षरं आखायची. मग उस्ताद करीमबख्श मांडी घालून बसत आणि छिन्नी चालवत. कोरलेल्या खाचेत काळं भरलं की काम झालं. नेहमी लागणाऱ्या शब्दांचे आमच्याकडे खाके होते. खाका म्हणजे टोचून भोकं पाडलेला कागद. तो दगडावर ठेवून कोळशाच्या पुडीने थोपटला की ठिपक्याठिपक्यांनी अक्षर उमटतं. ‘शिलान्यास’, ‘कर-कमलों द्वारा’ आणि ‘शोकाकुल’ हे आमचे सर्वांत फाटलेले खाके. धंदा कोणावर चालला होता ते त्यावरून कळेल. आमची गिऱ्हाइकं दोनच प्रकारची: दगड बसवणारी आणि दगडाखाली निजलेली. पहिल्यांना घाई असे.

ते दिवस शिलान्यासांचे होते. राजे गेले होते, आणि त्यांच्या मिरवणुकांची सवय सुटत नव्हती. मिरवायला माणसं मात्र नवी आली होती. दवाखाना, धर्मशाळा, विहीर, एकदा तर सायकली ठेवायची शेड, सगळ्यांच्या कोनशिला आम्ही केल्या. मजकूर ठरलेला असे. इमारतीचं नाव बारीक, मंत्रिमहोदयांचं त्याच्या तिप्पट. यातल्या बऱ्याच इमारती पुढे उठल्याच नाहीत. झालान्याच्या डोंगराकडे आमची एक कोनशिला माळावर एकटीच उभी होती, आणि शेळ्या तिला अंग घासत. मी एकदा गुलाबचंदजींना म्हटलं, “सेठजी, याला काही अर्थ आहे का?” ते हसून म्हणाले, “भिंगारजी, पत्थर हमारा, इमारत रामजी की.” हे त्यांचं ब्रीदवाक्यच होतं. मोठ्या लग्नात मंगलाष्टक म्हणावं तसं समाधानाने ते म्हणत.

अशाच एका मंत्र्यांची शिळा तयार झाली आणि समारंभाच्या आधीच त्यांचं मंत्रिपद गेलं. शिळा परत आली. चेहरा उतरवायचा तर मजकूर सात ओळींचा. सेठजींनी ती उलटी करून पाहिली. “पीठ तो साफ है,” म्हणाले. “कोई गरीब आदमी मरेगा तो काम आएगी.” आमच्या धंद्यातली ही रीतच होती. नाकारलेल्या कोनशिलेची पाठ घोटायची आणि ती थडग्याला वापरायची. आडवी बसवली की जुना मजकूर मातीकडे जातो, वाचणारं कोणी नसतं. पण त्या शिळेला लवकर गिऱ्हाईक लागलं नाही, आणि ती अंगणात चार विटांवर आडवी पडून राहिली.

तिच्यावर हक्क सांगितला माझ्या मुलीने. शालिनी तिचं नाव, आम्ही शालू म्हणायचो. शाळेतून परस्पर ती कारखान्यात येई. तिची मराठी आईची आणि तोरा जयपूरचा. ती त्या शिळेवर चढायची, आईची जुनी ओढणी कशावर तरी टाकायची आणि भाषण करायची. “भाइयों और बहनों, आज मेरे कर-कमलों द्वारा इस बिल्ली का उद्घाटन होता है.” ओढणी ओढली की खालून वैतागलेली मांजर पळून जाई आणि करीमबख्श छिन्नी खाली ठेवून टाळ्या वाजवत. तिने उस्तादांच्या चहाचं उद्घाटन केलं, माझ्या नव्या चपलांचं केलं. एकदा मला विचारलं, “बाबा, मतलब मंत्री लोक येईपर्यंत मांजर नसतेच का?” मी म्हटलं, “असते गं, पण तिचा पत्ता सरकारला नसतो.”

शालूला सातव्या वर्षी घटसर्प झाला. त्याविषयी मी एवढंच लिहू शकतो की डॉक्टर चांगले होते आणि उशीर झाला होता.

इथे माझ्या घराविषयी सांगायला हवं. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावाने त्यांना विहिरीवर पाय ठेवू दिला नाही. तरीही पाण्याला कोसभर जाताना हा माणूस गात जायचा, असं जुनी माणसं सांगत. वडिलांच्या पिढीत गाणं जाऊन त्या जागी वक्तशीरपणा आला. उपासनेला उशीर करणं हे एकच पाप त्यांनी मनावर घेतलं. माझ्या वाट्याला आली ती इस्त्री. दर रविवारी कडक शर्ट घालून मी चर्चच्या बाकावर बसत असे आणि पाळकसाहेबांच्या उपदेशातली वाक्यं दगडावर किती ओळींत बसतील याचा अंदाज घेत असे. अविश्वास होता असं म्हणता येणार नाही. घरातल्या जुन्या कपाटासारखा विश्वास होता. उघडायची वेळ आली नव्हती.

ती आली तेव्हा कपाट रिकामं निघालं. पाळकसाहेब सांत्वनाला आले आणि म्हणाले, “मुलगी प्रभूकडे आनंदात आहे, आपणही आनंद करावा.” भला माणूस होता. पण दुसऱ्याच्या दगडावर शेकडो वेळा आखलेलं वाक्य आपल्या घरात कोणी बोलून दाखवलं की त्याच्या खाचा दिसतात.

सेठजी म्हणाले, “जो पत्थर चाहो, ले लो.” दुकानात उत्तम शिळा होत्या. मी ती विटांवरची घेतली. तिची पाठ मीच घोटली. ‘शालिनी’ हे नाव आखलं आणि करीमबख्शांनी ते इतक्या हळू कोरलं की दिवस गेला. नावाखाली बायबलातल्या वचनाची ओळ हवी, आणि तिच्याखाली ‘शोकाकुल आईवडील’. तो रिवाज होता. शोकाकुलचा खाका मी हातात घेतला आणि परत ठेवला. त्या एका शब्दाने संपवायची गोष्ट नव्हती ती. आणि वचनातला आनंद तर माझ्याकडे नव्हताच.

माझी बायको सगुणा मुलींच्या शाळेत शिकवायची. तिने काही दिवस वाट पाहिली आणि विचारलं, “अहो, दगड कधी बसवायचा?”

“मजकूर ठरला की.”

“लोकांचे मजकूर तुम्ही चहा पिता पिता ठरवता.”

“ते लोकांचे असतात. खरे आहेत का हे मी बघत नाही.”

“मग नुसतं नाव तरी राहू द्या.”

“नुसतं नाव म्हणजे आपल्याला तिच्याविषयी काहीच सांगायचं नाही असं होतं.”

“नाहीच आहे सांगायचं,” ती म्हणाली, “निदान तुम्हाला तरी.” आणि ती वह्या तपासायला बसली. त्यानंतर तिने विचारलं नाही. दर रविवारी उपासना झाली की ती एकटीच दफनस्थानात जाई, मातीच्या ढिगाऱ्याला पाणी घाली, लाकडी क्रूस वाकला असला तर सरळ करी. शिळा कारखान्याच्या भिंतीला टेकून उभी राहिली. दोनतीन वर्षं गेली. नाव आमच्याकडे, मंत्रिमहोदय भिंतीकडे. आमच्या दोघांमध्येही तशीच एक शिळा उभी होती, आणि ती काही लिहिल्याशिवाय हलणार नव्हती.

अशात लोबोमामा आले. हे मूळचे वेंगुर्ल्याचे. संस्थानच्या बँडात कर्नेट, म्हणजे लहान पितळी तुतारी, वाजवायला जयपुरात आले, संस्थान गेलं, बँड मोडला, मग लग्नात आणि शिलान्यासाला वाजवू लागले. आमच्या धंद्याची मंडळी म्हणून तोंडओळख होती. त्यांची बायको रोझाबाई वारली होती. थडग्याचा दगड हवा होता आणि तो मराठीतच हवा होता. जयपुरात मराठी दगड मागणारं ते माझं पहिलंच गिऱ्हाईक.

“नाव लिवा, गाव लिवा,” ते म्हणाले. “आनी खाली लिवा, आनंदी पती.”

मी गेरू खाली ठेवला. “मामा, बायको गेल्यावर दगडावर ‘आनंदी पती’ आलं, तर लोक काय अर्थ घेतील?”

ते पोट धरून हसले. “घेवंदेत! रोझाबाय असती तर पयली तीच हसली असती.”

“तुम्हाला दुःख नाही झालं?” माझा प्रश्न सरळ नव्हता. त्यांना पकडायचं होतं मला. आनंदाचा आव आणणारी माणसं मी समारंभांत पुष्कळ पाहिली होती.

“झाला तर. रडतंय मी, मास्तर. सकाळी चाय एकच कप करूचो लागता, थंयच रडतंय.”

“मग आनंदी कसले?”

ओठांपाशी बोटं नेऊन त्यांनी कर्नेट धरल्यासारखं केलं. “ह्यां बघा. कर्नेटवाल्याक दम घेऊचो लागता. दम घेताना माझो सूर तुटता. पण बासवालो मागे वाजवीतच असता. म्हणान गाणां तुटणां नाय. माका प्रभू तसो. माझो सूर तुटलो तरी गाणां माझ्यावर नाय चालला.” मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “तुमका पटला नाय.”

“विचार करतो,” मी म्हटलं. त्यांच्या दगडावर मी नाव आखलं, गाव आखलं, ‘पती’ आखलं, आणि त्याच्या आधी एका शब्दाची जागा मोकळी सोडली. मामा चार दिवसांत शुद्धीवर येतील, अशी माझी समजूत होती.

दुसऱ्या दिवशी एका दवाखान्याचा शिलान्यास होता. उद्घाटनाचा पडदा आपोआप पडतो असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगतो: प्रत्येक कोनशिलेमागे एक माणूस वाकून बसलेला असतो, आणि दोरी अडकली तर मागून पडदा ओढणं हे त्याचं काम. त्या दिवशी तो मी होतो. मंत्रिमहोदयांनी दोरी ओढली. पडदा हलला नाही. त्यांनी पुन्हा ओढली. मी मागून ओढू लागलो. कडी गंजली होती. फोटोवाल्याने मंत्र्यांना हात तसाच ठेवायला सांगितलं. बँडाची सलामीची धून संपत आली, तसा लोबोमामांनी कर्नेट उंचावून ती पुन्हा पहिल्यापासून उचलली. पाच वेळा ती धून झाली. प्रत्येक फेरीच्या शेवटी मामा दम घ्यायला थांबत, आणि मागे तो गलेलठ्ठ बासवाला डोळे मिटून आपला भोंऽ भोंऽ चालूच ठेवी. शिळेमागे घामाघूम वाकून बसलेल्या मला ते स्वच्छ ऐकू आलं. सूर तुटत होता, गाणं तुटत नव्हतं. पडदा शेवटी फाटून पडला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मामा तसेच लाल कोटात माझ्याबरोबर कारखान्यात आले. दगड पाहायचा होता. करीमबख्श आमची वाटच पाहत होते. “भिंगारजी, आप जगह छोड़ गए थे,” ते अभिमानाने म्हणाले. “हमने पूरा कर दिया.” त्यांना वाटलं होतं की मी घाईत खाका ठेवायला विसरलो. मोकळ्या जागी त्यांनी नेहमीचा खाका ठेवून कोरून टाकलं होतं: ‘शोकाकुल’.

उस्तादांना वाचता फारसं येत नव्हतं, पण माझा चेहरा त्यांनी वाचला. खरं समजलं तेव्हा ते उभे राहिले. “ग़लती हो गई, लोबो साब. मैं पूरा चेहरा उतार दूँगा. कल शाम तक नया कर दूँगा.” सत्तरीचा माणूस, दोन हातांनी ती शिळा घासायला बसला असता.

मामा दगडापाशी उकिडवे बसले आणि त्या कोऱ्या खाचांतून बोट फिरवू लागले. श, क, क, ल. त्यांचा लाल कोट पांढऱ्या धुळीत लोळत होता. बोट शेवटच्या अक्षराला आलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. ते रडले, आमच्यासमोर, आवाज करून, नाक पुसत. करीमबख्श घाबरून माझ्याकडे पाहू लागले.

“नको उतरवू, उस्ताद,” मामा म्हणाले. “ह्यां खोटां नाय. मीच लपवूक बघत होतंय. माका वाटला, ह्या लिवला तर देवाक कमीपणा येतलो.” डोळे पुसून त्यांनी दगडाच्या तळाकडे पाहिलं. “मास्तर, खाली जागा असा?”

“आहे.”

“मग खाली लिवा. आनी आनंदी.”

मी ते आखलं. ‘शोकाकुल पती’ आणि त्याच्याखाली ‘आणि आनंदी’. ओळींची जुळणी साफ बिघडली. माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्या दगडांत तो सगळ्यांत बेढब असेल. पण असा दगड मी त्याआधी केला नव्हता, ज्याच्यावरच्या दोन्ही शब्दांवर माझा विश्वास बसला.

मी त्या दिवशी घरी लवकर गेलो. सगुणा शाळेतून यायची होती. मी ते जुनं कपाट उघडलं असं म्हणतो. एका मित्राच्या कबरीपाशी प्रभू आला ती गोष्ट लहानपणापासून मला पाठ होती. कबरीच्या तोंडावर धोंड होती, म्हणजे गोष्ट माझ्या धंद्यातली. पण एक गोष्ट मी कधी नीट पाहिली नव्हती. घटकाभरात आपण या मेलेल्या मित्राला जिवंत करून बाहेर बोलावणार हे त्याला ठाऊक होतं, आणि तरी तो तिथे उभा राहून रडला. त्याने रडणाऱ्यांना आनंद करायला सांगितलं नाही. आधी त्यांच्याबरोबर रडला, मग धोंड काढायला सांगितली. पाळकसाहेबांनी मला आनंद सांगितला होता तो रडण्याच्या बदल्यात. माझ्याच्याने तो सौदा झाला नव्हता. इथे सौदाच नव्हता. जो माझ्या मुलीसाठी रडत होता त्याच्याच हाती ती होती.

मी गुडघे टेकले. इस्त्री मोडली. प्रार्थनेत मी काय म्हटलं ते वाचकांच्या कामाचं नाही, पण मध्येच मला ती मांजर आठवली आणि मी हसलो. एवढ्या वर्षांत शालूच्या आठवणीने मी एकदाही हसलो नव्हतो. दुःखाचा अपमान होईल असं वाटायचं. हसताना कळलं की ती मला दिली होती, आणि दिलेलं परत घेतलेलं नव्हतं. सगुणा दारात येऊन उभी होती.

“काय झालं?” ती म्हणाली.

“मजकूर ठरला,” मी म्हटलं.

तिने पिशवी खाली ठेवली. मी सांगितला. ती म्हणाली, “आईवडील नको. आईबाबा लिहा. वडील कोण ते तिला कळायचं नाही.”

हा आनंद टिकला का, असं मला विचारतात. मी संशयी माणूस, मीही विचारत असतो. उत्तर म्हणून एक गोष्ट सांगतो. पुढे काही वर्षांनी लोबोमामांचे पुढचे दात पडले. दात नसले की कर्नेट वाजत नाही. मी त्यांना भेटायला गेलो, आणि खरं सांगायचं तर आता या आनंदाची परीक्षा आहे अशा उत्सुकतेने गेलो. मामा घरी नव्हते. शास्त्रीनगरकडे एका वरातीत ते मला सापडले. तोच लाल कोट, पोटावर हा एवढा मोठा ढोल. मला पाहून बोळक्या तोंडाने ओरडले, “मास्तर! आता दुसऱ्यांका दम घेऊक देतंय!” आणि ढोल बडवत नवरदेवाच्या घोड्यामागून पुढे गेले. माझ्याविषयी इतकंच सांगेन की कर्नेटवाल्यासारखा माझा सूर अनेकदा तुटला. सगुणा गेली तेव्हा तर फार दिवस तुटला. मी दम धरून ऐकत राहिलो. मागचं वाजणं थांबलं नाही.

पण शालूचा दगड बसवला ते सांगायचंच राहिलं.

मजकूर ठरला त्याच वर्षी, थंडीतल्या एका सकाळी आम्ही तो हातगाडीवर घालून नेला. करीमबख्श आले, गुलाबचंदजी आले. त्यांनी दफनस्थानात यायची ती पहिलीच वेळ, फाटकात त्यांनी जोडे काढून ठेवले. मामा रोझाबाईंच्या दगडापाशीच होते. त्यांची माणसं पायवाटेच्या पलीकडे, आमची अलीकडे. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यामध्ये मेल्यावरही एक पायवाट लागते. मामा ती ओलांडून आले. चुना अंथरला, पातळी पाहिली. शिळा खाली घेताना सात ओळींचा मजकूर शेवटचा एकदा उजेडात आला. “मंत्रीजी,” गुलाबचंदजी वाकून म्हणाले, “बहुत दिन खड़े रहे. अब आराम कीजिए.”

शिळा बसली. ‘शालिनी’, आणि खाली, ‘शोकाकुल आणि आनंदी आईबाबा’. आता काय करायचं ते कोणालाच सुचेना. पाळकसाहेबांना सांगायचं मी विसरलो होतो.

सगुणाने पिशवीतून ती जुनी ओढणी काढली. तिने ती जपून ठेवली होती हे मला माहीत नव्हतं. तिने ती शिळेवर पसरली, चारही कोपरे नीट केले आणि माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले आणि तोंडावर हसू.

“चला, म्हणा,” ती म्हणाली.

सतरा मंत्र्यांच्या वतीने आखलेलं वाक्य मला आठवेना. करीमबख्श पुढे झाले. घसा खाकरून, छाती काढून, शालूच्याच सुरात म्हणाले, “भाइयों और बहनों!” आणि तेवढ्यावरच मागे सरले. मामांनी कर्नेट ओठांना लावलं आणि सलामीची धून उचलली. सगुणाने ओढणी ओढली. ती कुठे अडकली नाही.

परतताना गुलाबचंदजी माझ्या बरोबरीने चालत होते. जोडे हातातच राहिले होते. फाटकापाशी ते थांबले, मागे वळून त्या लहानशा पांढऱ्या शिळेकडे पाहिलं, आणि सवयीने म्हणाले, “भिंगारजी, पत्थर हमारा…” आणि एकदम चपापले. नको तिथे थट्टा झाली असं त्यांना वाटलं.

“बोला सेठजी,” मी म्हटलं. “पूरा बोला. त्या इमारतीवर आता माझा विश्वास आहे.”